आठ जनुकांचा विषाणू कॅन्सर कसा घडवतो?

नऊ ते चौदा वयाच्या मुलींना एचपीव्हीची लस द्या, असं डॉक्टर सांगतात तेव्हा बरेच आईवडील एकच शंका काढतात. गोवराची लस समजते, पोलिओची समजते. कॅन्सरची लस हा काय प्रकार? शंका रास्त आहे. तिचं उत्तर मात्र सहसा ‘विषाणूमुळे कॅन्सर होतो’ एवढ्या तीन शब्दांत उरकलं जातं आणि खरी गोष्ट राहून जाते.

गर्भाशयमुखाचा, म्हणजे बोलीभाषेत पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरखालोखाल आढळतो. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात देशातल्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना तो झाला आणि सुमारे ८० हजार जणी दगावल्या. जवळजवळ प्रत्येक वेळी मुळाशी एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस असतो. आणि या कॅन्सरची एक खासियत आहे. गाठ होऊ नये म्हणून पेशीत जी व्यवस्था असते तिची जनुकं इथे बहुधा धडधाकट असतात. विषाणू त्यांचं काम रोजच्या रोज, क्षणोक्षणी बंद पाडत राहतो. चाचणी, लस, बायोप्सीच्या रिपोर्टवरची कोडी, पुढच्या औषधांची आशा हे सगळं या एका गोष्टीतून उलगडतं.

विषाणूची अडचण काय असते?

एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. बरेचसे फार तर हातापायांवर चामखीळ आणतात. बारा प्रकार कॅन्सरकारक म्हणून निश्चित झाले आहेत. त्यांतले १६ आणि १८ हे दोन सर्वांत वाईट. जगभरात या कॅन्सरच्या साधारण ७० टक्के रुग्णांमध्ये तेच सापडतात.

विषाणू अगदीच छोटा आहे. माणसाच्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात, याच्यात ७,९००च्या आसपास. जनुकं आठ. स्वतःच्या डीएनएची प्रत काढायला सुरुवात करून देणारी एक-दोन प्रथिनं त्याच्याकडे असतात. बाकीची एन्झाइमं आणि कच्चा माल पेशीचाच वापरावा लागतो.

इथेच घोडं अडतं. गर्भाशयमुखाचं अस्तर थरांचं असतं. बारीकशा खरचटीतून विषाणू सर्वांत खालच्या थरात शिरतो. तिथल्या पेशी विभागत असतात. त्यांतून निघालेल्या नव्या पेशी वर सरकतात, सरकता सरकता विभागणं थांबवतात, चपट्या होतात आणि गळून पडतात. विषाणूला आपल्या हजारो प्रती वरच्या थरात काढायच्या असतात, कारण गळणाऱ्या पेशींबरोबरच त्याला बाहेर पडता येतं. पण नेमकं त्याच थरात पेशीने डीएनएची प्रत काढण्याचं काम कायमचं थांबवलेलं असतं.

मे-जूनमधला साखर कारखाना डोळ्यांसमोर आणा. गळीत हंगाम संपलाय, बॉयलर विझलाय, यंत्रं दुरुस्तीसाठी उघडून ठेवलीत. अशा वेळी कुणी आपल्या उसाची गाडी घेऊन आला आणि आत्ताच गाळप पाहिजे म्हणाला, तर त्याला दोन कामं करावी लागतील. बंद कारखाना सुरू करायचा, आणि अवेळी पेटलेला बॉयलर पाहून धावत येणाऱ्या सुरक्षा अधिकाऱ्याला वाटेतून हटवायचं. एचपीव्हीकडे या दोन कामांसाठी दोन प्रथिनं आहेत. पहिल्यासाठी ई७, दुसऱ्यासाठी ई६.

ई७ : बंद कारखाना सुरू करणारं

पेशीने विभागायला लागायचं की नाही, हे ठरवणाऱ्या प्रथिनांत आरबी महत्त्वाचं. रेटिनोब्लास्टोमा या लहान मुलांच्या डोळ्यातल्या कॅन्सरच्या अभ्यासातून त्याचं जनुक १९८६ साली हाती लागलं, म्हणून हे नाव. अशा जनुकांना ट्यूमर सप्रेसर म्हणतात. ती नीट काम करत असतील तर गाठ सहसा होत नाही.

आरबी हे ई२एफ नावाच्या प्रथिनांना धरून ठेवतं. ई२एफ मोकळी झाली की डीएनएची प्रत काढायला लागणारी डझनावारी जनुकं चालू होतात. निरोगी पेशीत वाढीचा संदेश आला की पेशीचीच एन्झाइमं आरबीवर फॉस्फेट चिकटवतात आणि पकड सुटते. काम झालं की फॉस्फेट निघतात, पकड पुन्हा बसते. ई७ संदेशाची वाट पाहत नाही. आरबीमध्ये ९२८ अमिनो आम्लं आहेत, ई७मध्ये फक्त ९८. पण ई७मधला पाच अमिनो आम्लांचा एक तुकडा आरबीच्या खाचेत जाऊन बसतो आणि ई२एफ सुटतात. एवढ्यावर न थांबता ई७ आरबीला पेशीतल्या प्रथिनं मोडून टाकणाऱ्या यंत्रणेच्या हवाली करतं.

त्या पाच अमिनो आम्लांची गंमत थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. माकडांत सापडणारा एसव्ही४० आणि माणसाला सर्दी-खोकला, डोळे येणं वगैरे त्रास देणारा ॲडिनोव्हायरस, या दोघांच्याही एकेका प्रथिनात आरबीला धरणारा तसाच तुकडा आहे. तिघांची ही प्रथिनं एरवी एकमेकांपासून खूप वेगळी, पण घाव एकाच जागी. १९८८-८९च्या सुमारास हे ध्यानात आलं आणि आरबी किती मोक्याच्या जागी बसलंय हे संशोधकांना विषाणूंकडूनच कळलं. मग ॲडिनोव्हायरसने माणसाला कॅन्सर का होत नाही? कारण काम उरकल्यावर तो पेशीच फोडून बाहेर पडतो. पेशी मेली की पुढचा प्रश्नच मिटला. एचपीव्ही पेशीला जिवंत ठेवतो.

ई६ : सुरक्षा अधिकाऱ्याला हटवणारं

संदेश नसताना ई२एफ मोकाट सुटलं, किंवा डीएनए तुटला, की पी५३ नावाचं प्रथिन जागं होतं. ते विभागणं थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं आणि दुरुस्ती अशक्य असेल तर पेशीला स्वतःचाच शेवट करायला लावतं. म्हणजे एकट्या ई७ने कारखाना सुरू केला असता तर पेशी थोड्याच वेळात मेली असती आणि विषाणूही तिच्याबरोबर गेला असता.

पी५३सुद्धा विषाणूमुळेच सापडलं. १९७९ साली एसव्ही४०च्या एका प्रथिनाला चिकटलेलं ते दिसलं आणि पुढची दहा वर्षं ते कॅन्सर वाढवणारं प्रथिन आहे, असाच समज होता. १९८९च्या सुमारास चित्र उलटं झालं. आज माहीत आहे की माणसाच्या सगळ्या कॅन्सरपैकी साधारण निम्म्यांत पी५३चं जनुक बिघडलेलं असतं.

पेशीची पद्धत अशी आहे : पी५३ सतत बनवायचं आणि वीसेक मिनिटांत मोडायचं. ऐकायला उधळपट्टी वाटते, पण त्यामुळे संकट आलं की नुसतं मोडणं थांबवायचं, साठा झपाट्याने वाढतो. ई६ नेमकं हेच होऊ देत नाही. एरवी पी५३च्या वाटेला न जाणारं ई६एपी हे पेशीचंच एक एन्झाइम ते हाताशी धरतं. तिघं एकत्र आले की पी५३वर युबिक्विटिन नावाची छोटी खूण लागते. ही खूण म्हणजे ‘मोडीत काढा’ असा हुकूम. १९९० साली हा प्रकार उघड झाला. संकटाचा इशारा वाजतो, पी५३ बनतंही, पण साठत नाही.

ई६चं आणखी एक काम आहे. प्रत्येक विभाजनात गुणसूत्रांची टोकं झिजतात आणि ठरावीक फेऱ्यांनंतर पेशी थकते. ही टोकं पुन्हा बांधणारं टेलोमरेज हे एन्झाइम ई६ चालू करतं, त्यामुळे थकण्याची मर्यादाही उठते.

गुप्तांगावर चामखीळ आणणाऱ्या ६ आणि ११ या प्रकारांकडेही ई६ आणि ई७ असतात. मात्र त्यांचं ई६ पी५३ला मोडीत काढत नाही आणि ई७ आरबीला फार ढिलं धरतं. म्हणून त्या चामखिळी त्रासदायक असल्या तरी त्यांचा कॅन्सर जवळपास कधीच होत नाही.

विषाणूला कॅन्सर हवा असतो का?

नाही. सर्वसाधारण लागणीत ई६ आणि ई७ मोजकीच बनतात. ई२ नावाचं विषाणूचंच तिसरं प्रथिन त्यांना आवरून धरतं, आणि वर पोचलेली पेशी यथावकाश गळून जाते. काही पेशींत मात्र विषाणूचा गोल डीएनए तुटतो आणि पेशीच्या गुणसूत्रात कुठेतरी अडकतो. तुटताना बरेचदा ई२चं जनुक फुटतं. ई६-ई७ शाबूत राहतात. आता आवरणारं कुणी उरत नाही, आणि हे खालच्या थरातल्या पेशीत घडलं असेल तर ती गळूनही जात नाही. कारखान्याचा हंगाम संपतच नाही. अशी पेशी नवे विषाणू तयार करत नाही, त्यामुळे विषाणूच्या वंशाचाही तिथे शेवट होतो. कॅन्सर हा दोघांच्याही दृष्टीने अपघातच म्हणायचा.

इथवर झालं तरी अजून कॅन्सर नाही. पी५३ नसल्यामुळे डीएनएतल्या चुका दुरुस्त न होता पुढच्या पेशींत उतरत राहतात. पुरेशा चुका साचायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्हीवर उपचार न झालेल्या स्त्रियांमध्ये हा काळ पाच ते दहा वर्षांवर येऊ शकतो.

लागण इतक्या जणींना होते, मग कॅन्सर थोड्यांनाच का?

लैंगिक संबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्हीची लागण होते. दहापैकी नऊ लागणी दोन वर्षांच्या आत प्रतिकारशक्ती स्वतःच निपटते आणि त्या व्यक्तीला पत्ताही लागत नाही. धोका टिकून राहणाऱ्या लागणीचा असतो. विषाणू रक्तात उतरत नाही, पेशी फोडत नाही, सूज आणत नाही. त्यामुळे काही जणींच्या प्रतिकारशक्तीला तो वर्षानुवर्षं दिसतच नाही. धूम्रपान आणि कमकुवत प्रतिकारशक्ती त्यात भर घालतात.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की घरात जी कुजबुज सुरू होते ती निव्वळ अज्ञानातून येते. आयुष्यभर एकच जोडीदार असलेल्या स्त्रीलाही जोडीदाराकडून हा विषाणू मिळू शकतो, आणि लागण वीस वर्षांपूर्वीचीही असू शकते. कॅन्सर मात्र एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पसरतो तो विषाणू. रुग्णाची शुश्रूषा केल्याने किंवा एका ताटात जेवल्याने काही होत नाही.

यंत्रणा शाबूत असते, याला पुरावा काय?

हेनरिएटा लॅक्स या अमेरिकन स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ साली घेतलेल्या ‘हेला’ पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतात. एचपीव्हीचा या कॅन्सरशी संबंध हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखवला. त्यांच्या गटाने १६ आणि १८ हे प्रकार १९८०च्या दशकात वेगळे केले आणि २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. हेला पेशींत प्रकार १८चा डीएनए आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या पेशींत बाहेरून ई२ घातलं गेलं. ई६-ई७ बंद झाली, पी५३ साठू लागलं, आरबी पुन्हा कामाला लागलं आणि अर्धं शतक थांबायचं नाव न घेणाऱ्या पेशी काही दिवसांत विभागायच्या थांबल्या.

तंबाखूच्या कॅन्सरशी तुलना केली की फरक लख्ख दिसतो. तंबाखू-गुटख्यामुळे होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये पी५३चं जनुकच बहुधा बिघडलेलं असतं; तिथे हटवलेला अधिकारी परत आणणं शक्य नसतं, कारण तो उरलेलाच नसतो. एचपीव्हीच्या कॅन्सरमध्ये ते जनुक क्वचितच बिघडतं.

मग ई६-ई७ रोखणारी गोळी अजून का नाही? ही दोन्ही एन्झाइमं नाहीत. औषधाचा रेणू ज्यात घट्ट बसेल अशी खोबण त्यांच्यात सहज सापडत नाही. ती दुसऱ्या प्रथिनांना पसरट पृष्ठभागाने धरून काम साधतात. पण पेशी जगायला ई७ लागतंच, म्हणून तिला ते टाकून देता येत नाही, आणि ते माणसाचं प्रथिन नाही. त्यामुळे ई७ ओळखणाऱ्या प्रतिकारपेशी बाहेर तयार करून रुग्णाला देण्याचा मार्ग संशोधक चोखाळत आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका छोट्या चाचणीत अशा १२ रुग्णांपैकी सहा जणांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. सरसकट उपचार म्हणून ते अजून खूप दूर आहे.

रिपोर्टवरचं ‘पी१६ पॉझिटिव्ह’

बायोप्सीच्या रिपोर्टवर हे शब्द पाहून पुष्कळ जणी घाबरतात. आरबीची पकड घट्ट ठेवायला सांगणारं पेशीचं एक प्रथिन म्हणजे पी१६. ई७ने आरबीच मोडीत काढलेलं असतं, त्यामुळे पेशी पी१६ भरमसाट बनवत राहते आणि उपयोग शून्य. पॅथॉलॉजिस्ट विशेष रंग वापरून हा साठा पाहतात. ठळक, सलग रंग म्हणजे तिथे ई७ जोरात काम करत असण्याची दाट शक्यता. एकट्या या शब्दाचा अर्थ कॅन्सर असा होत नाही. त्याच रिपोर्टवर पेशींचा बदल कोणत्या पायरीचा आहे ते लिहिलेलं असतं आणि उपचार त्यावर ठरतो.

लशीत विषाणू असतो का? आणि लागण झाल्यावर ती का चालत नाही?

लशीत फक्त विषाणूच्या बाह्य कवचाचं एल१ हे प्रथिन असतं. ते आपोआप जुळून विषाणूसारखा पोकळ गोळा होतो. आत डीएनए नाही, ई६ नाही, ई७ नाही. त्यामुळे लशीने लागण होणं किंवा आरबी-पी५३ला धक्का लागणं शक्यच नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वावॅक जानेवारी २०२३मध्ये आली. ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांसाठी आहे आणि मुलग्यांनाही देता येते.

लशीने तयार होणारी प्रतिपिंडं विषाणूला पेशीत शिरण्याआधी गाठतात. एकदा तो शिरला की खालच्या थरातल्या पेशी एल१ बनवतच नाहीत, ते अगदी वरच्या थरात बनतं. मग प्रतिपिंडांनी धरायचं कशाला? म्हणून लस संबंध सुरू होण्याआधीच्या वयात द्यायची. इंग्लंडमध्ये १२-१३ वर्षांच्या वयात लस मिळालेल्या मुलींच्या पिढीत पुढे या कॅन्सरचं प्रमाण ८७ टक्क्यांनी कमी आढळलं.

एक डोस पुरेल का, या प्रश्नाचं उत्तर काही अंशी भारतातूनच आलं. बार्शी, पुणे, मुंबई अशा केंद्रांवर सुमारे १७ हजार मुलींचा अभ्यास चालू असताना २०१०मध्ये देशभरातल्या एचपीव्ही लशीच्या चाचण्या सरकारने थांबवल्या. अभ्यास दोन आणि तीन डोसांच्या तुलनेचा होता. ठरवलं नसताना जवळपास पाच हजार मुली एकाच डोसवर राहिल्या. दहा वर्षांनंतर १६ आणि १८च्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून त्यांना मिळालेलं संरक्षण दोन-तीन डोसांच्या तोडीचं निघालं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली ९ ते २० वयोगटासाठी एक किंवा दोन डोस पुरेसे मानले.

तिशी उलटलेल्यांनी काय करायचं?

इथे चाचणी कामाला येते, आणि ते सर्वांत ठळकपणे दाखवलं तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्याने. मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय यांनी १९९९पासून जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. आठ वर्षांनी एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४ मृत्यू झाले होते, नेहमीच्या आरोग्यसेवेवर सोडलेल्या गटात ६४. दोन्ही गट साधारण सारख्याच आकाराचे होते आणि चाचणी केली होती ती आयुष्यात एकदाच. विषाणूशिवाय हा कॅन्सर सहसा होत नाही, आणि व्हायला दीड-दोन दशकं लागतात, म्हणून एक चाचणी एवढी दूरवर पुरते.

सरकारी केंद्रांवर ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए ही स्वस्त तपासणी ठरवलेली आहे. गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्के ॲसिटिक आम्ल लावायचं आणि मिनिटभर थांबून पाहायचं. विभागतच राहिलेल्या पेशींची केंद्रकं मोठी आणि दाट असतात, म्हणून तेवढा भाग पांढरा दिसतो. म्हणजे ई७ची करणी तिथे नुसत्या डोळ्यांना दिसते. सूज किंवा साधा संसर्गही पांढरा दिसू शकतो, त्यामुळे शंका आल्यास दुर्बिणीतून, म्हणजे कॉल्पोस्कोपीने, तपासणी आणि गरज पडल्यास बायोप्सी करतात. कॅन्सरपूर्व बदल असतील तर तेवढाच भाग उष्णतेने जाळून, गोठवून किंवा तारेने कापून काढता येतो. गर्भाशय काढण्याची वेळ या टप्प्यावर सहसा येत नाही.

लस घेतलेल्यांनाही चाचणी चुकत नाही, कारण लशीत नसलेले कॅन्सरकारक प्रकार उरतातच. आणि संबंधांनंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव होणं किंवा दुर्गंधीयुक्त स्राव टिकून राहणं यांपैकी काही असेल, तर पुढच्या नियोजित चाचणीची वाट न पाहता तपासून घ्यायचं. वय पंचवीस असो की सत्तर.